कोतवालाला विचारणार कोण?

कोतवाल हा शब्द आपल्या भाषेत फार जुना आहे आणि त्याने उंच-सखल असे अनेक दिवस पाहिले आहेत. पेशवाईत तो राजधानीच्या शहराचा सर्वाधिकारी होता. पुढे महाराष्ट्राच्या खेड्यांत तोच शब्द महसूल खात्याच्या सर्वांत खालच्या सेवकाला चिकटला. इकडे मध्य भारतातील अनेक शहरांत मात्र मुख्य पोलीस ठाण्याला आजही कोतवाली म्हणतात. तमाशाच्या वगातला कोतवाल, म्हणींतला कोतवाल आणि नाटकातला कोतवाल यांनी मिळून मराठी मनावर एक चित्र कोरले आहे. ज्याच्या हाती रक्षणाचे काम त्याच्याचपासून रक्षण कसे करावे, हा प्रश्न त्या चित्राच्या मुळाशी आहे. 'कुंपणानेच शेत खाल्ले' ही म्हण ज्या समाजाने घडविली, त्याला हा प्रश्न नवा नाही. परंतु तो समाजाने कसकसा विचारला, कोणत्या वेळी त्याला उत्तर मिळाले आणि कोणत्या वेळी उत्तराऐवजी केवळ सूड मिळाला, याचा मागोवा घेणे उद्बोधक ठरेल. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

प्रारंभ शहरापासून न करता खेड्यापासून केला पाहिजे, कारण जबाबदारीची सर्वांत जुनी आणि सर्वांत रोखठोक रीत खेड्यात होती. मराठी मुलखात गावाची राखण रामोशी, भिल्ल, महार अशा वतनदार राखणदारांकडे असे, आणि त्यांच्यावर पाटलाची देखरेख असे. एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या व्यवस्थेचे वर्णन आले आहे. गावात चोरी झाली की राखणदाराने चोराचा माग काढावा. तो माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन तेथील राखणदाराच्या स्वाधीन केला, की जबाबदारी त्या गावावर जाई. माग निघालाच नाही, तर गेलेल्या मालाची भरपाई राखणदाराने, आणि त्याची ऐपत नसेल तर गावाने करावी, असा दंडक होता.

आजच्या वाचकाला या रीतीचे आकर्षण वाटेल. राखण केली नाहीस तर नुकसान भरून दे, इतका साधा हिशेब नंतरच्या कोणत्याही कायद्याने मांडलेला नाही. सारे गाव एकमेकांना ओळखत असल्याने राखणदार कोठे होता, काय करीत होता, हे लपून राहत नसे. परंतु या रीतीच्या दोन उणिवाही होत्या. एक म्हणजे भरपाईचा बोजा उतरंडीच्या सर्वांत खालच्या माणसावर पडे. पाटलाने कुचराई केली तर त्याला विचारणारे गावात कोणी नसे. दुसरी म्हणजे ही जबाबदारी मालापुरती होती. राखणदाराने किंवा त्याच्या वरच्याने एखाद्या गरिबाला मारहाण केली, कोंडून ठेवले, तर त्याची भरपाई या हिशेबात बसत नव्हती. मालाचा जाब होता, माणसाचा जाब नव्हता.

शहर वाढले तशी ही ओळखीपाळखीची राखण अपुरी पडली. पुण्याची वस्ती पेशव्यांच्या काळात झपाट्याने वाढली आणि शहरासाठी स्वतंत्र कोतवाली उभी राहिली. या कोतवालाच्या कामांची यादी वाचली की छाती दडपून जाते. बाजारातील भाव ठरविणे, शहरातील महत्त्वाचे तंटे मिटविणे, घरे आणि जागा यांच्या खरेदीविक्रीवर देखरेख ठेवणे, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करणे, खानेसुमारी करणे, सरकारी कामाला मजूर पुरविणे, जुगाऱ्यांकडून पट्टी वसूल करणे, आणि या सगळ्याबरोबर चोर पकडणे व रात्रीची गस्त घालणे. म्हणजे आजच्या पोलीस अधिकाऱ्याचे, दंडाधिकाऱ्याचे, नगरपालिकेचे आणि नोंदणी कचेरीचे काम एकाच माणसाकडे होते. पकडणारा तोच, तंटा ऐकणारा तोच, आणि पट्टी घेणाराही तोच! अशा माणसाविरुद्ध तक्रार कोठे करायची, हे मात्र त्या यादीत कोठेही नव्हते.

१७७७ साली ही कोतवाली औरंगाबादेकडून आलेल्या घाशीराम सावळदास या कनोजी ब्राह्मणाला मिळाली. नाना फडणविसांचा त्याच्यावर विश्वास होता. रात्री तोफ झाल्यावर रस्त्यावर दिसेल त्याला पकडून सकाळपर्यंत चावडीत अडकवून ठेवण्याची शहराची शिस्त होती. त्या शिस्तीमुळे चोऱ्यांना आळा बसला असेल; पण रस्त्यावर सापडलेला माणूस आणि चावडीवरचा शिपाई यांच्यात रात्री काय घडले, हे सकाळी विचारणारे कोणी नव्हते. शहरात कुरबूर होती. ती नानांच्या वाड्यापर्यंत गेली असेल किंवा नसेलही, पण कोतवाल जागेवर राहिला एवढे खरे.

ऑगस्ट १७९१ च्या अखेरीस जे घडले ते प्रसिद्ध आहे. श्रावणातील दक्षिणेसाठी दूरदेशाहून पुण्यात आलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी तिसाहून अधिक जणांना कोतवालाच्या माणसांनी पकडून भवानी पेठेत एका लहानशा कोठडीत कोंडले. ती अंधारी आणि हवा खेळण्यास जागा नसलेली होती. मानाजी शिंदे फाकडे यांनी कुलूप तोडून दार उघडविले, तेव्हा आतील एकवीस जण गुदमरून मेलेले आढळले. बातमी शहरभर पसरली. तेलंगी ब्राह्मणांचा जमाव नानांच्या दारी जाऊन बसला. पकडलेले लोक चोर होते, असे कोतवालाचे म्हणणे होते. ते जमावाने मानले नाही, आणि एकवीस प्रेते पुढ्यात असताना ते कोणी मानावे अशी अपेक्षाही करता येत नव्हती. अखेर कोतवालाला जमावाच्या स्वाधीन करण्यात आले. त्याची शहरातून धिंड निघाली आणि ३१ ऑगस्ट १७९१ रोजी लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले.

या घटनेकडे पाहण्याची आपली नेहमीची दृष्टी नाट्याची आहे. अत्याचारी माणसाला त्याच्या कर्माचे फळ मिळाले, असे म्हणून आपण समाधान मानतो. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र येथे थांबून काही साधे प्रश्न विचारले पाहिजेत. त्या लोकांना पकडण्याचा हुकूम नेमका कोणी दिला? कोठडीवर पहारा कोणाचा होता, आणि आतून ओरडण्याचा आवाज आला तेव्हा पहारेकऱ्यांनी काय केले? इतकी माणसे त्या जागेत कोंडता येत नाहीत, हे कोतवालाला कळविले गेले होते काय? हे प्रश्न रीतसर विचारून त्यांची उत्तरे नोंदविली गेली असती, तर त्यातून कोठडी, पहारा आणि अटक यांविषयी काही नियम निर्माण होण्याची शक्यता होती. दगडांना प्रश्न विचारता येत नाहीत. कोतवाल मेला आणि त्याच्याबरोबर सारी साक्षही मेली.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की माणूस गेला तरी पद जसेच्या तसे राहिले. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशव्यांच्या नोकरीत असलेल्या विल्यम टोन या लष्करी अधिकाऱ्याने पुण्याच्या बंदोबस्ताचे वर्णन केले आहे. तोफेनंतर बाहेर सापडेल त्याला गस्तवाले धरतात आणि सकाळपर्यंत सोडत नाहीत, खुद्द पेशव्यालाही अवेळी बाहेर पडल्याबद्दल रात्रभर अडकून राहावे लागले, अशी हकीकत तो कौतुकाने सांगतो. हे वर्णन घाशीरामाच्या मृत्यूनंतरच्या वर्षांतले आहे. म्हणजे तीच तोफ, तीच गस्त, तीच कोठडी चालू होती. १७९१ च्या प्रकरणात लोकांचा क्षोभ दिसतो, राज्यकर्त्यांची भीतीही दिसते. ज्याला उत्तरदायित्व म्हणावे ते मात्र कोठे दिसत नाही. क्षोभ एका माणसाला गाठतो, उत्तरदायित्व त्या खुर्चीला गाठते. ज्या राज्यात तक्रारीला दार नसते, तेथे एक दिवस जमावच न्यायाधीश होतो आणि दुसऱ्या दिवशी सारे पूर्ववत चालू होते. नानांनी कोतवाल लोकांच्या हवाली केला म्हणून लोकमताचा विजय झाला, असे जे म्हटले जाते ते अर्धेच खरे आहे. कोतवाल हवाली केल्यामुळे कोतवालाची नेमणूक करणाऱ्याला विचारण्याचा प्रश्न आपोआप मिटला, हे उरलेले अर्धे होय.

मराठी साहित्याने ही आठवण विझू दिली नाही. मोरोबा कान्होबांचे 'घाशीराम कोतवाल' हे पुस्तक १८६३ साली निघाले. १९७२ साली विजय तेंडुलकरांचे त्याच नावाचे नाटक रंगभूमीवर आले आणि त्यावर मोठा वाद झाला. ते नाटक इतिहास म्हणून पाहू नये, तसा नाटककाराचा दावाही नव्हता. परंतु सत्ता आपल्या हस्तकाला वापरते आणि अडचणीचा झाला की टाकून देते, हा त्याचा आशय प्रेक्षकांच्या मनाला भिडला, याचे कारण त्यांच्या स्वतःच्या अनुभवात होते असे म्हणावे लागेल.

इंग्रजी अमलात प्रश्नाचे रूप बदलले. १८५५ साली मद्रास इलाख्यात छळाच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या मंडळाचा अहवाल प्रसिद्ध झाला. सारा वसूल करण्यासाठी आणि गुन्हा कबूल करविण्यासाठी लोकांचा छळ होतो, ही गोष्ट सरकारच्याच कागदावर आली. वसुली आणि पोलीस ही दोन्ही कामे एकाच हाताखाली असल्याने छळ करणाऱ्याविरुद्धची तक्रार पुन्हा त्याच कचेरीत जाई. पुण्याच्या कोतवालीचाच हा मोठा अवतार होता. त्यानंतर १८६१ चा पोलीस कायदा आला. मुंबई इलाख्यासाठी १८६७ आणि १८९० साली जिल्हा पोलिसांचे स्वतंत्र कायदे झाले. पोलीस हे वेगळे खाते बनले, त्याला गणवेश आणि दर्जा मिळाला. पण ते खाते सरकारला जबाबदार होते, लोकांना नव्हे. परक्या राज्याला आपल्या शिपायाने जनतेला जाब द्यावा असे वाटण्याचे काही कारणही नव्हते.

तरीही त्या काळातील एक तरतूद आवर्जून सांगितली पाहिजे. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही, हे तत्त्व १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आले आणि १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम २५ व २६ म्हणून स्थिर झाले. कायदा करणाऱ्यानेच आपल्या पोलिसावर अविश्वास लिहून ठेवावा, असे उदाहरण विरळा. मारून मिळविलेला जबाब न्यायालयात निरुपयोगी ठरला, तर मारण्याचे कारण कमी होईल, असा त्यामागचा विचार होता. कलम २७ ने मात्र त्या भिंतीत एक खिडकी ठेवली. कोठडीतील आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्याच्या सांगण्याचा तेवढा भाग पुराव्यात घेता येतो. त्या खिडकीतून पुढे काय काय आत आले, हे वकिलांना ठाऊक आहे. २०२३ चा भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला, त्यातही हे तत्त्व आणि ही खिडकी, दोन्ही कलम २३ मध्ये कायम आहेत.

पंचनामा ही अशीच दुसरी गोष्ट. झडतीच्या वेळी त्या भागातील दोन प्रतिष्ठित रहिवासी हजर असावेत, हा नियम म्हणजे पोलिसांच्या कामात शेजाऱ्याचा डोळा घालण्याची युक्ती होती. हा शब्द मराठी बोलीत इतका रुळला की चुकांची उजळणी करण्यालाही आपण पंचनामा म्हणू लागलो. परंतु प्रतिष्ठित रहिवासी या कामाला टाळाटाळ करू लागले, आणि त्यांची जागा ठाण्याच्या ओळखीतल्या ठरावीक पंचांनी घेतली. युक्ती कायद्यात राहिली, डोळा मात्र मिटला. येथे दोष केवळ पोलिसांचा नाही. तो आपला, सुशिक्षितांचाही आहे.

एकोणिसाव्या शतकात एक नवा डोळा उघडला, तो वृत्तपत्रांचा. १८३२ साली 'दर्पण' निघाले. 'प्रभाकर', 'ज्ञानप्रकाश', 'इंदुप्रकाश', 'केसरी', 'सुधारक' अशी परंपरा वाढत गेली. अंमलदाराच्या वर्तनाची चर्चा गावाच्या पारावरून छापील कागदावर आली. पण छापील शब्दाला पुरावा लागतो, हा धडा या पत्रांना किंमत मोजून शिकावा लागला. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना बदनामीच्या आरोपावरून शिक्षा झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. ज्या पत्रांवर त्यांनी भिस्त ठेवली होती ती बनावट ठरली होती.

याहूनही बोलके उदाहरण १८९७ चे आहे. पुण्यात प्लेगचा बंदोबस्त रँडच्या हाती होता आणि घरझडतीसाठी गोरे सोल्जर नेमले होते. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सोल्जरांकडून स्त्रियांवर अत्याचार झाल्याचा आरोप तेथे जाहीरपणे केला. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, तेव्हा माहिती देणाऱ्यांपैकी कोणी नाव सांगून पुढे येण्यास तयार नव्हते. गोखल्यांनी जाहीर क्षमायाचना केली आणि त्यासाठी स्वकीयांची कठोर टीका सोसली. टिळकांनाही त्याच वर्षी राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

गोखल्यांची क्षमायाचना हा दुबळेपणा होता की सत्यनिष्ठा, हा वाद जुना आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील मर्म वेगळे आहे. पुरावा नाही म्हणून आरोप मागे घ्यावा लागला. पण पुरावा का नव्हता? तो देणाऱ्याला संरक्षण नव्हते म्हणून. ज्याच्याविरुद्ध बोलायचे त्याच्याच पहाऱ्यात राहायचे असेल, तर साक्षीदार मिळणार कसा? सत्तेला जाब विचारण्यासाठी विचारणाऱ्याचे धैर्य जसे लागते, तसेच सांगणाऱ्याला अभयही लागते. दुसरे नसेल तर पहिले फुकट जाते. १९०२-०३ च्या पोलीस आयोगाने पोलीस दल अकार्यक्षम असून लोकांत ते भ्रष्ट व जुलमी समजले जाते असा निष्कर्ष काढला, तेव्हा पुणेकरांना त्यात नवे काही वाटले नसेल.

स्वातंत्र्यानंतर राज्य आपले झाले. ठाण्याची रीत मात्र लगेच आपली झाली नाही. मार्च १९७२ मध्ये त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोघा पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने १९७४ साली आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने १९७६ साली दोषी ठरविले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पुन्हा निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या, हा मुद्दा त्या निकालात मोठा ठरला. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात, दार लावलेले असताना, एका गरीब मुलीने प्रतिकार करावा तो कोणाच्या बळावर, हा प्रश्न त्यात विचारला गेला नव्हता.

तो बाहेर विचारला गेला. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ते प्रसिद्ध झाले, स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली संसदेने कायदा बदलला. कोठडीतील बलात्कार हा वेगळा आणि अधिक गंभीर गुन्हा ठरला. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, अशी तरतूद झाली. त्या मुलीच्या पदरात त्यातून काही पडले नाही, ही खंत राहतेच. परंतु १७९१ शी तुलना केली म्हणजे अंतर लक्षात येते. तेव्हा माणूस मेला आणि रीत राहिली. या वेळी माणसे सुटली, पण रीत बदलली.

पुढचा मार्ग याच दिशेने गेला. १९८३ साली पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील स्त्री-कैद्यांसाठी वेगळ्या कोठड्या आणि स्त्री-पोलिसांचा पहारा यांविषयी आदेश दिले. १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेचे नियम घालून दिले. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी असावी, अटकेच्या टिपणावर नातेवाईक किंवा त्या वस्तीतील प्रतिष्ठित व्यक्तीची सही असावी, घरच्यांना कळवावे, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. भवानी पेठेतील त्या कोठडीला यांतील एकही नियम लागू असता, तर एकवीस माणसे वाचली असती. पोलीस दलातून निवृत्त झालेल्या प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर २००६ साली न्यायालयाने प्रत्येक राज्यात आणि जिल्ह्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण नेमण्यास सांगितले. महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करून राज्य व विभागीय पातळीवर तशी तरतूद केली. अनेक राज्यांनी मूळ आदेशाची धार बोथट करूनच तो स्वीकारला. २०२० साली प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसविण्याचा आदेश झाला, आणि २०२४ पासून लागू झालेल्या नव्या प्रक्रिया संहितेने झडती व जप्तीचे चित्रीकरण आवश्यक केले. मिटलेल्या पंचाच्या डोळ्याजागी यंत्राचा डोळा आला.

येथे पोलिसांची बाजूही नमूद केली पाहिजे. लांबलचक पाळी, अपुरे मनुष्यबळ, वरून येणारे तोंडी हुकूम आणि अपयशाचे खापर मात्र खालच्या शिपायावर, ही जुन्या राखणदाराचीच स्थिती आजही बऱ्याच अंशी आहे. लेखी हुकूम, नोंद आणि स्वतंत्र चौकशी यांनी नागरिकाचे जसे रक्षण होते, तसेच प्रामाणिक पोलिसाचेही होते. घाशीरामाच्या पहाऱ्यावरील शिपायांपैकी एखाद्याने कोठडी उघडा म्हणून सांगितले असेलही. ते नोंदविण्याची सोय नसल्याने इतिहासाने त्याला कोतवालाच्याच पंक्तीला बसविले.

यंत्राने पाहिलेले कोणीतरी मागून घ्यावे लागते आणि प्राधिकरणापुढे कोणीतरी अर्ज न्यावा लागतो. कलमे कोणाला तरी ठाऊक असावी लागतात. हे कोणीतरी म्हणजे वाचणारा नागरिक होय. आपल्यासारख्या जुन्या वाचनालयांचा या कथेशी संबंध येतो तो येथे. शतकभर येथे टेबलावर पसरलेली वृत्तपत्रे, कपाटात बांधून ठेवलेल्या त्यांच्या फायली आणि कायद्याची साध्या मराठीतील पुस्तके यांनी अंमलदाराकडे मान वर करून पाहण्याचे बळ सामान्य माणसाला दिले आहे. कोतवालाला विचारणार कोण, या प्रश्नाला दगड हे एक उत्तर होते. ते आपल्या पूर्वजांनी एकदा देऊन पाहिले. नोंद, अर्ज आणि साक्ष हे दुसरे उत्तर आहे. ते सावकाश चालते, अनेकदा निराश करते. परंतु खुर्चीपर्यंत पोचते ते हेच. दुसऱ्या शतकात पदार्पण करणाऱ्या आपल्या वाचनालयाने त्या नोंदी जपाव्यात आणि सभासदांनी त्या उघडून वाचाव्यात.